गालाचं अस्तर आणि बाबांची मिरची

माणसाच्या गालाची आतली बाजू मला फार आवडते असं म्हटलं, की लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात. बघू देत. एवढी वर्षं मी दवाखान्याच्या लॅबमध्ये हेच काम करते आहे. कुणाच्या तोंडातून काढलेला मसुरीच्या डाळीएवढा तुकडा येतो. मी तो मेणात बसवते, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते, काचेवर घेते, रंगवते. मग डॉक्टर बघून काय ते लिहितात. लिहायचा अधिकार माझा नाही, पण बघायला कोण अडवतं? रंगवलेली काच आधी माझ्याच डोळ्यांखालून जाते.

आणि काय देखणी चीज असते ती! तळाशी जांभळ्या पेशींची एक दाट ओळ. सगळी पैदास तिथली. नव्या पेशी वर सरकतात, वर येता येता चपट्या होतात आणि शेवटी गळून लाळेबरोबर पोटात जातात. दोनेक आठवड्यांत गाल आतून नवा. हिरड्यांवर आणि टाळूवर घास घासला जातो, म्हणून तिथला वरचा थर टणक. गालाला तसं कवच नाही. त्याला ताणायचं असतं, जांभई द्यायची असते, खदखदून हसायचं असतं. म्हणून तो मऊ, ओला, आणि अस्तराच्या खाली अगदी सैल. माझ्या मनगटावर कढईतल्या तेलानं भाजल्याचा डाग लग्नाच्या वर्षापासून आहे. तोंडात मात्र उकळता चहा जातो, भाजतं, आणि चार दिवसांनी कुठे भाजलं होतं ते शोधूनही सापडत नाही. पण कौतुक आहे का कोणाला? चेहऱ्याला क्रीम चोपडतील, गालाच्या आत डोकावणार नाहीत. माझ्या बाबांनीही कधी डोकावलं नाही.

बाबांची नालवाडीच्या पुढे भाजीची वाडी आहे. वांगी, पालक, सांबार (कोथिंबीर असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही), आणि मिरची. मिरची तोडून झाली, की बाजारात नेण्याआधी प्रत्येक ढिगातली एक ते दातानं तोडत, डाव्या गालात धरत, डोळे मिटत आणि निकाल देत, "ही भज्याची. अन् ही ठेच्याची." भज्याची म्हणजे फिकी, ठेच्याची म्हणजे जाळ. त्या निकालावर अपील नसे. आई काही बोलायला गेली तर म्हणत, "तुले काय समजते त्यातलं?" वर्ध्याच्या बाजारातली गिऱ्हाइकंही त्यांच्या शब्दावर मिरची घेत. आणि उरलेला सगळा दिवस त्याच डाव्या गालात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला. मी किती वेळा भांडले त्यावरून! भिंतीशी भांडले असते तर भिंत हलली असती.

गेल्या हिवाळ्यात माहेरी गेले, तर अर्धी मिरची उपटून बांधावर टाकलेली. हिरवीगार, फुलोऱ्यावरची झाडं! मी ओरडलेच, "बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

"बियानंच खराब निंगालं," बाबा म्हणाले. "जहर हाय जहर. तोंडात ठेवाले होत नाई."

आई भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "बजारात लोकं म्हणतात फिकी हाय, अन् हे म्हणतात जहर हाय. मी कोणाचं आयकू व माय?"

मी एक मिरची तोडून चावली. मग आणखी एक. काही नाही. साधी भज्याची मिरची. बाबा मात्र डोळे फाडून माझ्या तोंडाकडे बघत होते. मग आईनं सांगितलं, की दिवाळीपासून ते वरणात दूध कालवून खातात, ठेच्याचं नाव काढत नाहीत. तिला वाटलं, वय झालं.

अहो, तिखट झोंबू लागणं हीच तर खर्रा खाणाऱ्याच्या गालाची पहिली तक्रार! सुपारीनं अस्तराखालचा सैल थर आवळत जातो, त्याचे दोर होतात, वरचं अस्तर पातळ पडतं, तोंड उघडेनासं होतं. रोज मी हेच बघते. दुनियेचे गाल माझ्या टेबलावरून जातात आणि माझा बाप झाडं उपटू लागला तरी मला पत्ता नाही! स्वतःचा असा संताप आला, की सांगता सोय नाही.

"बाबा, तीन बोटं एकावर एक धरा अन् तोंडात घाला."

"कायले?"

"घाला म्हनते ना!"

धड तोंडात तीन सहज मावतात. बाबांची दोनच गेली. तिसरं अडलं. त्यांनी पुन्हा घालून पाहिलं, मग हात पुसत म्हणाले, "माही बोटं जाडी हायेत."

मी मोबाईलचा उजेड टाकला. डावा गाल आतून पांढुरका पडलेला, आणि मागे एक लालसर चट्टा. गाल आवळणं वेगळं आणि त्यात कॅन्सर असणं वेगळं. ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, तुकडा काढून बघावा लागतो. पण बाबांचं एकच, "मले काई झालं नाई. मिरची खराब हाय." दोन दिवस आमचं वाजलं. शेवटी मी म्हटलं, "ठीक हाय. तुकड्यात काई निंगालं नाई, तर उरलेली मिरची मी माह्या हातानं उपटते." पैज म्हटल्यावर म्हातारा आमच्या दवाखान्यात यायला ऑटोत बसला.

तुकडा काढताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग मी त्यांना लॅबमध्ये नेलं आणि शिकवण्यासाठी ठेवलेली एक निरोगी गालाची काच दाखवली. ते वाकले ते वाकलेच.

"हे खालून उगोते अन् वरतून झडते?"

"हव."

"रोज?"

"रोज. तुमी झोपले तरी."

"अन् मी याच्यावर चुना टाकत आलो," ते म्हणाले. बाहेर पडताना त्यांनी खिशातली खर्र्याची पन्नी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तुकडा माझ्या टेबलावर. लॅबमधली मैत्रीण म्हणाली, तू राहू दे, मी करते. मी कशाला ऐकते? बापाचा तुकडा दुसऱ्याच्या हाती देते होय! कापताना हात हलला नाही. रंगवतानाही नाही. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि डोळा लावायची मात्र हिंमत होईना. मग लावला. खालचा थर घट्ट आवळलेला. वरचं अस्तर विरलेल्या धोतरासारखं. पण तळाची ती जांभळी ओळ! एकेक पेशी आपल्या जागेवर, ओळ मोडून एकही खाली उतरलेली नाही. उतरल्या असत्या तर तो कॅन्सर. इतकी वर्षं वरून सुपारी-चुन्याचा मारा, आणि ती आपली मुकाट नवं अस्तर घडवतेच आहे. मी तिथेच रडले. सुटकेनं रडले आणि कौतुकानंही. डॉक्टरांनी तेच लिहिलं, कॅन्सर नाही. पण खर्रा सोडला नाही तर पुढची खात्री नाही, असंही बजावलं. गाल आवळलेला निघालाच, म्हणून पैज मी जिंकले आणि उरलेली मिरची वाचली.

खर्रा सोडताना बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आईवर डाफरले, खर्र्याऐवजी दिलेल्या बडीशेपेला शिव्या दिल्या, पण पन्नी पुन्हा आणली नाही. आवळलेलं सगळं सैल होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तरी रोज सकाळी ते तोंड उघडायचा व्यायाम करतात. बाबांनी उपटलेल्या झाडांवरची थोडी पिकलेली मिरची आईनं बियाण्यासाठी वाळवून ठेवली होती. तेच बियाणं बाबांनी यंदा लावलं.

पहिल्या तोडणीला मी मुद्दाम गेले. बाबांनी ढिगातली एक मिरची उचलली, दातानं तोडली, डाव्या गालात धरली आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आई आणि मी श्वास रोखून उभ्या.

"भज्याची," बाबा म्हणाले.

मग उरलेली अर्धी मिरची त्यांनी माझ्यापुढे धरली. "पाह्य व पोरी, बरोबर हाय का?"

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मी चावली. भज्याचीच होती.