दादांच्या गुडघ्यांसाठी उतरण

आमच्या निमगावच्या घराला तीन दगडी पायऱ्या होत्या आणि माझ्या वडलांच्या, म्हणजे दादांच्या, गुडघ्यांना त्यांतली एकही मान्य नव्हती. जन्मभर कांद्याच्या गोण्या वाहिलेले गुडघे ते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दादा दोन महिने देवळाच्या पारावर गेले नव्हते. संध्याकाळी ओसरीवर बसून पाराकडून येणारं हसणं तेवढं ऐकायचे.

"माझ्याकडं मंचरला चला," मी म्हणालो.

"तितं कुणाशी बोलू? तुज्या टीव्हीशी?"

मग मी ठरवलं, पायऱ्यांवर सिमेंटची उतरण करायची. उद्या चाकाच्या खुर्चीवर न्यायची वेळ आली तरी अडायला नको. (घराण्यातला पहिला बी.कॉम. मी. म्हातारपणाचं नियोजन दुसरं कोण करणार?) वहीत आकृती काढली, उतार ठरवला. दादांना विचारायचं तेवढं राहिलं.

गवंडी म्हणाला, "भाऊ, वरून खरबडीत ठिवतो."

"छे! घोटून गुळगुळीत कर. आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यासारखं."

"लई घसरंल, राव."

"कॉलेजला तू होतास का मी?"

त्यानं घोटलं. तोंड दिसेल इतकं घोटलं.

दादांनी वरूनच पाहिलं. "मी न्हाई उतरायचा. ही काय बैलगाडी चढवायला केली का?"

बैलगाडी नाही, पण तिसऱ्या दिवशी म्हैस चढली. सिमेंटवर पाणी मारून ओली गोणपाटं टाकली होती, त्यांवरून रुबाबात आली आणि ओसरीवर वाळत घातलेल्या आईच्या कुरडया खाऊ लागली.

"दत्ता," आई आतून म्हणाली, "तुजं शिक्षण घरात शिरलंय. भाईर काढ."

मी दावं धरून ओढलं. म्हैस जागची हलली नाही. पायाखालचं गोणपाट मात्र हललं, आणि मी पाठीवर थेट अंगणात. पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

दादा छन्नी-हातोडा घेऊन उतरणीवर बसले आणि बसूनच खाली सरकत दोन दिवस आडव्या खाचा पाडल्या. कडेला बांबूचा कठडा बांधला.

"आदी इचारलं असतंस तर?" एवढंच म्हणाले आणि बांबू धरून सावकाश उतरले.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी होतो आणि पाराकडून हसणं येत होतं, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

दादा त्या दिवसापासून रोज पारावर जाऊ लागले. त्यांच्या म्हातारपणाची सोय मी अखेर केलीच, हसायच्या विषयासकट.