डॉक्टरांचा वाटा

ताटात बांगडा आला की ती चौकशी आजही आठवते.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी घाटावरचा, कुटुंब गावी. गावात तापाची साथ होती. सरकारी डॉक्टरने खाजगी दवाखान्याशी आर्थिक संबंध ठेवू नये, हा नियम. पण आरोग्य केंद्रात खाटा पुरेनात, म्हणून प्रशासनाने तो तात्पुरता सैल केला. आमच्या सरकारी डॉक्टरांना एका खाजगी दवाखान्याच्या खोल्या विनाभाडे वापरायला मिळाल्या. मात्र रुग्णांमागे कमिशन घेतल्याचे दिसले, तर निलंबन ठरलेले.

एके दिवशी आमचा एक खबऱ्या ठाण्यात आला. हा औषधाच्या दुकानात बसायचा आणि सगळ्या गावाचे कान घेऊन फिरायचा.

"साहेब, त्या डाक्टराक वाटो पोचता. मागच्या दारान. माझ्या कानान आयकलंय."

वाटा म्हणजे कमिशन, असेच मी धरले. प्राथमिक चौकशी लावली. रुग्णांचे जबाब घेतले, पण कोणाकडूनही जास्तीचे काही घेतल्याचे निघेना. शेवटी डॉक्टरांनाच बोलावले. चाळिशीचा, एकटा राहणारा, अबोल माणूस.

"तुम्हाला वाटा मिळतो?"

"मिळतो," ते म्हणाले. इतका सरळ कबुलीजबाब मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. मी पेन उचलले.

"कोण देतं?"

"सगळे मिळून. नको म्हटलं तर रागावतात. ओढायला गेलो की घ्यावाच लागतो."

"काय ओढायला?"

"रापण."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरांनी ओढायचे मोठे जाळे; मी पेन खाली ठेवले. डॉक्टरांकडून कळले तशी वाटा पोचवणाऱ्या मासेवालीला बोलावले. ती टोपली बाहेर ठेवून आत आली ती तणतणतच.

"वाटो म्हणजे मासळी, साहेब! दुसरां काय? आमची माणसां तापान पडलली. रापण ओढूक हात खंय होते? डाक्टर सकाळी दर्यार येत, दोराक हात लावीत. हात लावलो त्याचो वाटो. रीतच आसा ती. मी दवाखान्याच्या मागल्या दारान नेऊन देय."

मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारले, "हे सगळ्या गावाला विचारलंत?"

विचारले होते. चौकशी म्हटली की विचारावेच लागते. 'तक्रारीत तथ्य नाही' असा अहवाल पाठवला आणि प्रकरण दफ्तरी दाखल केले.

काही दिवसांनी सकाळी किनाऱ्यावरून जाताना रापण ओढणे चालू दिसले. डॉक्टर लांब, रस्त्याच्या कडेला उभे होते, पायांत बूट.

"आज दोर नाही?" मी विचारले.

"ते आता मला बोलावत नाहीत. माझी नोकरी जाईल, या भीतीने. माझ्या भल्यासाठीच." दोराकडे बघत म्हणाले, "साहेब, सकाळी मला नावाने हाक मारणारे इथे तेवढेच होते."

मासेवालीला मी नंतर सांगितले, आता काही अडचण नाही, त्यांना बोलवा. ती म्हणाली, "नको, साहेब. देवासारखो माणूस. आमच्यामुळे तेंका परत ठाण्यात बसूक नको."

साथ ओसरली, नियम पुन्हा पूर्वीसारखा कडक झाला. डॉक्टरांनी बदली मागून घेतली. संशय खोटा ठरला तरी ज्याच्यावर तो आला, त्याच्यापासून लोक लांब सरकतात. कधी तिरस्काराने, कधी मायेने. मायेने सरकलेल्यांना परत आणण्याचे कलम मला कुठे सापडले नाही.