स्लॅबच्या दिवशीचे रोडगे

आदिलाबादजवळच्या तलमडुगुला कुणी तयार घर विकत घ्यायला निघालं, की कागद पाहायला वकील शोधतो आणि घर पाहायला बयनाबाईला बोलावतो. ही रीत कुणी बसून ठरवली नाही. बयनाबाई तीस वर्षं रेजा होती. सिमेंट-वाळूचं घमेलं डोक्यावर घेऊन ती मंडलातल्या अर्ध्या घरांच्या शिड्या चढली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ती घरी बसली, पण डोळे आणि कान काही घरी बसले नाहीत. एकदा शेजारणीच्या नव्या घरात चहा पिताना तिने भिंतीला तळहात लावला आणि म्हणाली, "हितं पाइप फुटला हाय." दुसऱ्या दिवशी प्लास्टर फोडलं तर पाइप फुटलेलाच निघाला. तेव्हापासून लोक तिच्या दारात येऊ लागले.

त्या पौषातही एक जोडपं आलं. सपना अंगणवाडीत शिकवते, तिचा नवरा पंकज बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. सात वर्षं दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत होते. मुलगी प्रीती आता पाच वर्षांची झाली होती.

"माय, एक घर पाह्यलं," सपना म्हणाली. "मनात भरलं. मधली खोली प्रीतीले देऊ म्हणतो. तुमी एकदा नजर टाका. तुमी हो म्हटलं का आमी शब्द देऊन टाकतो."

"कोनाचं घर?"

"बाबाराव काकाजीचं. चिंचेपाशी. ते पोराकडे राहाले चालले, पांढरकवड्याले."

बयनाबाई तूर पाखडत होती. सूप तिच्या हातात थांबलं. मग ती पुन्हा पाखडू लागली.

"येतो सकाळी," ती म्हणाली. "ऊन तिरपं असते तवा भित काई लपवत नाई."

सकाळी ती आली ती दौलत मिस्त्रीची थापी घेऊन. दौलत मिस्त्रीच्या हाताखाली तिची सगळी वर्षं गेली होती. तो वारला तेव्हा त्याच्या घरच्यांनी ही थापी तिला दिली होती. पिशवीत आणखी एक ओळंबा, एक काचेची गोटी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. एवढंच तिचं दुकान.

बयनाबाई आधी घरात शिरत नाही. ती घराला बाहेरून एक फेरी मारते, देवळाला मारावी तशी सावकाश. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावर बसलेलं घर तिच्याबरोबर श्वास घेतं. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंती बोलतात. तिने जोत्याची माती पायाने दाबून पाहिली, पावसाचं पाणी भिंतीपासून दूर वाहतं का तो उतार पाहिला. खिडकीच्या कोपऱ्यात एक चीर होती. तिने तिच्यात नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही.

"ही निसती प्लास्टरची," ती सपनाला म्हणाली. "हिच्यात जुना चुना बसला हाय, म्हंजे वाढून नाई राह्यली. नख शिरलं असतं अन् ती तिरपी वर गेली असती, तर मी तुले हितूनच वापस नेलं असतं."

मग आत. तिने प्रत्येक दार अर्धं उघडून सोडलं. दार जिथे सोडलं तिथेच उभं राहिलं, म्हणजे चौकट सरळ होती. चौकटीच्या पायथ्याला तिने स्क्रू-ड्रायव्हर टोचला. लाकूड कडक लागलं, वाळवी नव्हती. न्हाणीत गोटी सोडली, ती घरंगळत बरोबर मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबली. थापीचा दांडा फरशीवर ठोकत गेली. चार फरश्या पोकळ वाजल्या, त्यांच्यावर खडूने फुली. सगळे नळ एकदम सोडले, मग ओट्याखाली वाकून वास घेतला. संडासाच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते विचारून घेतलं. सगळे दिवे-पंखे लावून बोर्डाजवळ हात धरला.

"गरम नाई," ती म्हणाली. "पण डबा उघडनं माझं काम नाई. अर्थिंग पाहाले वायरमन बोलवा. भितीच्या आतलं मले दिसत नाई, अन् दहा वर्सानं काय होईल तेही सांगत नाई. आज घर कसं हाय, तेवढं सांगतो."

"माय, तुमी तर डॉक्टरसारखं तपासून राह्यल्या," पंकज हसला.

"डॉक्टरनं पोट दाबलं का मानूस ओरडते. घर ओरडत नाई बाप्पा. म्हनून हळू दाबा लागते."

घरमालक बाबाराव, आयुष्यभर किराणा दुकान चालवलेला माणूस, मागेमागे फिरत होता. "लोखंड हाय घर, लोखंड," तो दर दारात म्हणे. त्याची बायको गयाबाई चहा घेऊन आली आणि बयनाबाईकडे पाहतच राहिली.

"काय वं बयना, वीस वर्स झाले नं? स्लॅबच्या दिवशी तूच होती आमच्याकडे."

सपनाचा चेहरा उजळला. "तुमी बांधलं हे घर? मग तर काही पाहाचंच नाई राह्यलं."

बयनाबाई चहा पीत होती. तिची नजर वर गेली. मधल्या खोलीचं छत नव्या पुट्टीने गुळगुळीत, पांढरंशुभ्र झालं होतं. बाकी कोणत्याच खोलीला नवी पुट्टी नव्हती.

"वर पानी भरा," ती म्हणाली. "स्लॅबचे नळे बंद करून दोन बोटं पानी. उद्या सकाळी येतो."

त्या घरापासून आपल्या घरापर्यंतची वाट बयनाबाईला त्या दिवशी फार लांब वाटली. तिला वीस वर्षांपूर्वीचा तो मे महिना दिसत होता. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी घरमालक कामकऱ्यांना पोटभर जेवण घालतो. बाबारावने रोडगे ठेवले होते, म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे, सोबत वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. माल कालवायचं मशीन उशिरा आलं होतं. दुपारी बाराला अर्धाच स्लॅब झाला होता आणि खाली गवऱ्यांच्या आरातून रोडगे निघाले. त्यांचा वास शिडीवरून वर आला. दौलत मिस्त्री म्हणाला होता, स्लॅब एका दमात भरायचा असतो, थांबू नका. तेव्हा सगळ्या रेजांच्या वतीने बयनाबाईच बोलली होती, "पाट्टेपासून बाया उपाशी हायेत मिस्त्री. थंडा रोडगा घशातून उतरत नाई. अर्ध्या घंट्यानं काय होते?"

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. वर येऊन पाहिलं तर उन्हात मालाची कड दगड झाली होती. दौलत मिस्त्रीने कडेवर सिमेंटचं पाणी ओतलं आणि पुढचा माल टाकला. जुना माल आणि नवा माल एकमेकांना धरत नाहीत, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही. तो सांधा मधल्या खोलीवरून जात होता.

सकाळी ती गेली. छत कोरडं होतं. पुट्टीवर ओलाव्याचा थेंब नव्हता.

"पाह्यलं?" बाबाराव म्हणाला. "लोखंड."

पंकजने सुटकेचा श्वास टाकला. सपना हात जोडून उभी होती, आता फक्त बयनाबाईचा एक शब्द हवा होता. तो शब्द सोपा होता. पाण्याने तिला साथ दिली होती. चूक सांगितली, तर जिने स्वतः स्लॅब बिघडवला तिच्याकडून यापुढे घर कोण तपासून घेईल? गावात तिची एवढीच एक कमाई होती. आणि समोर सपनाच्या मोबाइलवर प्रीतीचा फोटो होता.

"शिडी आना," बयनाबाई म्हणाली. "पुट्टी खरडा. हितून तितपर्यंत."

"काऊन?" बाबारावचा आवाज चढला. "पानी भरलं, टपकलं का? तुले जेवू घातलं होतं मी या घरात."

"त्याच्यानंच सांगून राह्यली काकाजी. त्या दिवशी काम मी थांबवलं. जेवाच्या पायी. सांधा तितंच हाय, माझ्या डोळ्यानं पाह्यला." मग ती सपनाकडे वळली. "माय, मी बांधलं म्हनून घर चांगलं, असं समजू नको. मी बांधलं म्हनूनच खोट मले ठाऊक हाय."

गयाबाईनेच शिडी आणून भिंतीला लावली.

"तिले ठाऊक हाय ते मलेही ठाऊक हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "दर श्रावणात तितं बकेट मी ठेवतो, तुमी नाई."

पंकजने पुट्टी खरडली. खालून एक सरळ रेघ निघाली, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिच्यावर पांढरा खार होता, एका जागी हातभर तांबूस डाग, आणि बोट लावलं तर पुट्टीने अडवून धरलेली गार ओल.

बाबाराव खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मग आता घर कुचकामी?"

"कोन म्हनते?" बयनाबाई म्हणाली. "पाया चांगला, भिती चांगल्या. एक सांधा हाय. पण आतल्या लोखंडी सळाखीचं मी नाई सांगू शकत. आदिलाबादहून इंजिनिअर बोलवा, तो ठरवंल."

इंजिनिअर आला. त्याने हातोडीने ठोकून पाहिलं, डागाजवळचा माल फोडून सळाख उघडी केली. फक्त त्या हातभर जागेत गंज वरवर चढला होता, बाकी लोखंड शाबूत होतं. तिथली सळाख घासून, लेप देऊन भरायची, वरून सांधा खोदून खास मालाने बंद करायचा, आणि सगळ्या स्लॅबवर उताराचा कोबा. बाबारावने ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "मी करून देतो. माझ्या घरचं हाय, मीच करतो."

सपना फाटकापर्यंत बयनाबाईच्या मागे आली. "माय, बहिनीनं उटनूरले घर पाह्यलं हाय. तिच्यासाठीही चालसान का?"

"माझं ऐकल्यावरही?"

"ऐकलं म्हनूनच तं."

दुरुस्तीच्या दिवशी गयाबाईने पुन्हा रोडगे घातले. बारा वाजता ते आरातून निघाले आणि वास शिडीवरून वर गेला. खाचेत अजून पाच हात माल भरायचा होता. दोन्ही गवंड्यांचे हात हळू झाले, माना खाली वळल्या. कठड्याशी दौलत मिस्त्रीची थापी मांडीवर घेऊन बयनाबाई बसली होती.

"खाली पाहू नका," ती म्हणाली. "भरत राहा."

अडीच वाजता खाच भरून झाली. मग सगळे मधल्या खोलीत पंगतीला बसले. रोडगे थंड होऊन दगडासारखे झाले होते. बाबारावने एक चावून पाहिला आणि गाल धरला.

"बयना, माझे दात राह्यले किती, त्यात हे."

"वरणात भिजवा काकाजी," बयनाबाई म्हणाली, आणि तिने आपल्या ताटातला रोडगा कुस्करायला घेतला. वर छत अजून खरडलेलं, रंगाविना होतं. सपना त्याखाली उभी राहून प्रीतीची खाट कुठे बसेल ते पावलांनी मोजत होती.