गोदीचा भरडा

काकतीपासून निपाणीपर्यंतच्या समस्त सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, वासरानं कोरडा भरडा खावा म्हणून स्वतः तो बचकभर खाऊन दाखवणारा माणूस या मुलखात एकच आहे, आणि दुर्दैवानं तो माझा साडू आहे.

हा गृहस्थ रोज काकतीहून बेळगावच्या कचेरीत जातो. तिथं तो साहेबालाही भीक घालत नाही. पण घरी अडीच महिन्यांच्या गोदी नावाच्या कालवडीपुढं पार विरघळतो. दूध पिऊन झालं की बोटांना भरडा लावून तिच्या तोंडात सारायचा, ही गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलेली रीत. गोदी बोटं मनापासून चोखायची आणि भरडा त्याच्या शर्टावर फुरकन उडवायची. तोच शर्ट कचेरीत जायचा. गाय गोकाकच्या बाजारातली, तेव्हा लेकीला मराठी कळत नसणार, असा शोध लावून त्यानं "स्वल्प तिन्नव्वा, थोडं खा गं बाई" अशी कानडी-मराठी विनवणी सुरू केली. तीही फुकट गेल्यावर एके दिवशी बचकभर भरडा आपल्याच तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत म्हणाला, "बघ, लई ग्वाड हाय." नंतर दहा मिनिटं नळावर चुळा भरत होता.

अखेर आक्कानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, निक्षून सांगितलं, "रविवारपतोर खाल्लं न्हाय तर गोदी निपाणीला, माझ्या भावाकडं. तिथं चार वासरं हाईत, बघून शिकंल." त्या रात्री साडू जेवला नाही. माणूस आणि वासरू, दोघांनीही अन्न सोडलं.

शनिवारी डॉक्टर आले. गोदीचं पोट चाचपून म्हणाले, "हिला भूकच न्हाय. दूध किती पाजता?"

"मोजून, दोन टायमाला," आक्का म्हणाली.

साडू एकाग्र चित्तानं छपराची कौलं बघू लागला. त्याची कचेरीची पिशवी खुंटीवर होती आणि तिच्यातून बाटलीचं बूच डोकावत होतं. आक्कानं बाटली काढून हुंगली. दूध.

"व्हय हो, कचेरीत वासरं बांधल्यात काय?"

"उपाशीपोटी शिकंल कशी ती," तो पुटपुटला.

रविवारी आक्कानं त्याला माझ्या ताब्यात देऊन दिवसभरासाठी बेळगावच्या खडेबाजारात पिटाळलं. तिथं त्यानं एक टॉवेल घेतला आणि "खाल्लं असंल काय रं?" हे मला चाळीस वेळा विचारलं. संध्याकाळी परतलो तर गोठ्यातून कुरुमकुरुम आवाज येत होता. गोदी घमेल्यात तोंड खुपसून आपली आपण भरडा खात होती. निपाणी टळली होती. आक्का दारातून हसत बघत होती.

साडूनं पिशवी टाकली, सवयीनं बोटं भरड्यात बुडवून पुढं केली. गोदीनं ती एकदा हुंगली आणि तोंड पुन्हा घमेल्यात घातलं. तो तसाच हात पुढं धरून उभा राहिला. बोटांवरचा भरडा हळूहळू गळत होता. मग आक्काकडं वळून, अगदी लहान आवाजात म्हणाला,

"आता मी सकाळी उठून काय करू गं?"