कडी कोणं काढली?

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. राहू द्या, तुम्ही हसणारच. फक्त तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मागे एकदा हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या हेडमास्तरांच्या नाकातून चहा आला, आणि त्या वर्षीचा माझा गोपनीय अहवाल काही चांगला गेला नाही.

तर मी तेव्हा भातकुलीजवळच्या एका गावात प्राथमिक मास्तर होतो. गावात वीज नव्हती, पण ग्रामपंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळालेला. भलं मोठं लाकडी धूड, आणि ते चालायचं मोटारीच्या बॅटरीवर. बॅटरी संपली की बैलबंडीत घालून अमरावतीला न्यायची, भरून आणायची. गावात चार बुकं शिकलेला मी एकटा, म्हणून सरपंचांनी रेडिओ माझ्या ताब्यात दिला. बजावून सांगितलं, "मास्तर, शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, अन् गुरुवारची गोष्ट. एवढंच. बॅटरी पाण्यावानी वापराची नाही."

रेडिओच्या कपाटाची किल्ली मी करदोड्याला बांधून फिरायचो. बायको म्हणायची, एवढं तर मी मंगळसूत्र जपत नाही.

आता गुरुवारची गोष्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. कार्यक्रमाचं नाव 'पाहुणा'. संध्याकाळी साडेसात ते आठ. दर आठवड्याला नवं घर, नवी माणसं, नवी गोष्ट. कायम असायचा तो एकटा पाहुणा. सुरुवातीला दार वाजायचं, आणि त्याचा तो भारदस्त आवाज यायचा, "कोणी आहे का घरात?" आमच्या पंचायतीत बसलेल्या बाया इकडून म्हणायच्या, "या, बसा." खरंच म्हणायच्या. एकीनं तर एकदा रेडिओपुढे पाण्याचा गडवा ठेवला होता.

मग त्या घरातली भानगड अर्धा तास रंगायची. शेवटी पाहुणा म्हणायचा, "बरं, येतो मी. दार लोटून घ्या." हे वाक्य झालं की गोष्ट संपली. आणि इथं माझी करामत असायची. 'घ्या' म्हटल्याबरोबर मी टकदिशी बटण बंद करून कपाटाची दोन्ही दारं लोटायचो. बॅटरी वाचायची, आणि गावाला वाटायचं, मास्तर म्हणजे पाहुण्याच्या घरचाच माणूस. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू?

श्रोत्यांमध्ये दोन आसामी फार महत्त्वाच्या. एक जानराव, दुसरे शेषराव. सख्खे चुलतभाऊ, शेताला शेत लागून. जानराव दोन महिन्यांनी मोठे. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती. ती कोणाची, यावरून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद. पण 'पाहुणा' दोघांपैकी एकानंही कधी चुकवला नाही. एक या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला, आणि मधे मी टपालखातं.

"मास्तर, त्याईले सांगा, जरा सरका म्हणा, आवाज येत नाही."

"मास्तर, त्याईले सांगा, कानात तेल घाला म्हणा."

दोघांत अंतर दहा हात. तरी निरोप माझ्यामार्फतच जायचा.

तीन वर्षं हे असं चाललं. आणि एका गुरुवारी पाहुण्यानं सांगितलं की पुढच्या आठवड्यात शेवटचा भाग. अहो, गावात सुतक पडल्यासारखं झालं. शेवटच्या गुरुवारी पंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी रेडिओला हार घातला. जानरावांनी नारळ आणला. शेषरावांनीही आणला. वेगवेगळे फोडले.

आणि गोष्ट कोणती निघावी? दोन भाऊ. एकाच घराचे दोन भाग केलेले, मधल्या भिंतीत एक दार, दाराला कडी. बारा वर्षं दार बंद. पंचायतीत कोणी खोकेना. मी जानरावांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते. शेषरावांकडे बघितलं, ते जमिनीकडे. रेडिओतला थोरला भाऊ उठला, दारापाशी गेला. पलीकडून धाकट्याची पावलं आली. दोघंही दाराशी उभे. आणि पाहुणा म्हणाला, "बरं, येतो मी. दार लोटून घ्या."

टक. मी बंद केलं. कपाट लोटलं. कुलूपही लावलं.

मग जानराव, ज्यांनी तीन वर्षांत कधी गोष्टीबद्दल एक शब्द विचारला नव्हता, ते हळूच म्हणाले, "मास्तर, कडी कोणं काढली?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तर तो मास्तर. मी म्हटलं, "हे बघा, याला सूचक शेवट म्हणतात." आणि सूचक शेवट म्हणजे काय, त्यानं श्रोत्याच्या मनावर काय परिणाम होतो, यावर मी चांगलं व्याख्यान झोडलं. गणपत सुतार कोपऱ्यात बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. माझं व्याख्यान संपल्यावर तो म्हणाला, "ते सारं बराबर हाय मास्तर. पण तुमी बंद केला तवा आठाले बारा मिनिटं कमी होते. गोष्ट तं आठ वाजेलोक चालते ना?"

मी कपाटाकडे धावलो. करदोड्याची गाठ सुटेना, किल्ली निघेना, कुलूप उघडेना. रेडिओ लावला, तर आतले दिवे तापायलाच वेळ. आवाज आला तेव्हा नुसती सनई वाजत होती. तीसुद्धा संपली.

साऱ्या गावाचे डोळे माझ्यावर. मी म्हटलं, "काळजी करू नका. शनिवारी मी अकोल्याला जातोय, सासरवाडीला. माझ्या मेव्हण्याकडे विजेचा रेडिओ आहे, त्यानं पुरतं ऐकलं असणार. शेवट घेऊन येतो." जणू काही वांग्याचं बी आणायचं होतं.

"विसरू नोका," शेषराव म्हणाले. गोष्टीबद्दल तेसुद्धा पहिल्यांदाच.

शनिवारी अकोल्याला पोचलो. मेव्हणा वसंता जिनिंगमध्ये कारकून. तो मला थेट त्यांच्या अड्ड्यावर, हॉटेलात घेऊन गेला. तिथं चार-पाच जण 'पाहुण्या'चं दुःख करत बसले होते. एक जण म्हणाला, "आता गुरुवार म्हंजे नुसता बुधवारच्या नंतरचा दिवस." दुसरा म्हणाला, "मले तं तो शिंपी आठवते, सुनेशी भांडला अन् रातभर बसून तिच्याच पोराचं झबलं शिवलं." तिसऱ्याला त्या पेन्शनरचं घर आठवत होतं, जो स्वतःलाच पत्रं पाठवायचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्यांना ओळखत नव्हतो, पण आम्ही सगळे त्याच घरांमधून हिंडून आलेलो होतो.

मी वसंताला हळूच विचारलं, "शेवट काय झाला रे?"

"काहून? तुमी आयकला नाही?"

"ऐकला. म्हणजे, 'दार लोटून घ्या'पर्यंत ऐकला."

वसंता माझ्याकडे बघत राहिला. "भाऊजी, खरी गोष्ट तं तिथूनच चालू झाली. पाहुणा 'येतो' म्हणून नुसता ओसरीत जाऊन उभा राह्यला ना, हे दोघं काय करतात ते पाहाले. तुमी बंद केला?" मग त्यानं हॉटेलभर जाहीर केलं, "आमच्या जवायानं बॅटरी वाचवली बरं." पुढची पाच मिनिटं मी सांगत नाही.

हसणं ओसरल्यावर त्यानं शेवट सांगितला. कडी कोणीच काढली नाही. दोघं दाराशी उभे राहिले, आणि मग दोघांचीही पावलं परत गेली. पाहुणा म्हणाला, "इतकी घरं हिंडलो. मी वाजवलं, म्हणून दारं उघडली. हे दार मला वाजवता येत नाही." आणि तीन वर्षं दर गुरुवारी 'येतो' म्हणणारा तो माणूस शेवटी म्हणाला, "जातो."

आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' कोण म्हणतं हो? हॉटेलात एकानं चष्मा पुसला.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो, हे कसं सांगू? जानरावांनी छताकडे बघत विचारलेलं 'कडी कोणं काढली' कानातून जाईना. नऊ वर्षांनी दोन माणसं एका दाराशी येऊन उभी होती. त्यांना जाऊन सांगू, की काही नाही, आपापल्या घरी जा? माझी छाती होईना. आणि दुसरं खरं कारणही सांगतो: मी बटण दाबलं तिथूनच खरी गोष्ट सुरू झाली, हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. मूर्तिजापूर येईपर्यंत माझा स्वतःचा शेवट तयार झाला.

रविवारी संध्याकाळी पंचायतीत सगळे जमले. मी घसा साफ केला. "थोरल्या भावानं कडी काढली."

जानराव ताडकन म्हणाले, "म्हंजे मोठ्यानंच झुकाचं काय?"

"नाही नाही. धाकट्यानंही काढली."

शेषराव म्हणाले, "पह्यले कोणं?"

"दोघांनी एकदम."

गणपत सुतार पुढे सरकला. "मास्तर, कडी एकाच अंगानं असते. मी चाळीस वर्सं दारं बसवून राह्यलो."

"या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या."

"असं दार कोणं बसवलं? त्या सुताराचं नाव सांगा."

आता सुतारही आला गोष्टीत. मग त्या सुताराला दोन कड्या लावायला कोणी सांगितलं, म्हणून त्यांची आई आणावी लागली. आईनं तसं का सांगितलं, म्हणून एक मामा. बारा मिनिटांचा शेवट मी पाऊण तास सांगत होतो, घामानं सदरा भिजला. अखेर भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मी सुटलो असं वाटलं. तेवढ्यात एका बाईनं विचारलं, "अन् पाहुणा? निंगताना काय म्हणला?"

'जातो' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "येतो म्हणाला. लवकरच पुन्हा येतो म्हणाला."

झालं. पाहुणा बोलला म्हणजे येणारच. सोमवारी जानरावांनी स्वतःची बंडी जुंपून बॅटरी अमरावतीला नेली. मंगळवारी शेषरावांनी रेडिओच्या एरियलच्या तारेसाठी नवा उंच बांबू उभारला. दोघंही येता-जाता मला विचारायचे, "गुरुवारीच येते ना?" मी मान हलवायचो. हो की नाही, ते माझं मलाच कळत नव्हतं.

गुरुवार उजाडला. पंचायत पुन्हा गच्च. रेडिओपुढे पाण्याचा गडवा. साडेसात वाजले, दिवे तापले, आणि एक गृहस्थ बोलायला लागले: कपाशीवरील कीड आणि तिचा बंदोबस्त.

कोणी उठलं नाही. वाटलं, पाहुणा यांच्याच घरी येणार असेल. पंधरा मिनिटांनी गणपत म्हणाला, "पाहुणा कीड मारून राह्यला काय?" आठ वाजेपर्यंत कीड मेली, पाहुणा आला नाही. मी बटण बंद केलं. या वेळी अगदी वेळेवर.

जानराव उठले. माझ्याकडे येत होते. मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायला घेतला. पण ते माझ्या अंगावरून पुढे गेले, त्या दुसऱ्या भिंतीपाशी.

"शेषराव."

नऊ वर्षांनी मारलेली पहिली हाक.

"या मास्तरानं आपल्याले येडं बनवलं."

शेषराव वर बघून म्हणाले, "मले तं तवाच वाटलं, दादा. दोनी अंगानं कड्या कुठी असतात काय?"

"मंग बोल्ला काहून नाही?"

"कोणासंग बोलू? तू तं बोलत नोहता."

मग दोघं एकदम माझ्याकडे वळले. "मास्तर, खरं सांगा. कडी कोणं काढली?"

मी खरं सांगितलं. बटणाचं सांगितलं, वसंताचं सांगितलं, 'जातो'चं सांगितलं.

"येडे होते ते दोघं," शेषराव म्हणाले.

"हाव. बम येडे," जानराव म्हणाले. आणि दोघं सोबत बाहेर पडले. गल्लीच्या टोकापर्यंत एकमेकांना माझ्याविषयी काय काय सांगत होते ते सगळं ऐकू येत होतं. त्यातलं एकही इथं सांगण्यासारखं नाही. पण मी ओट्यावर उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं. इतक्या शिव्या खाऊन इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

रेडिओची किल्ली माझ्याकडून गेली, ती त्या दोघांकडे. बाभूळ तोडली आणि गणपतनं तिचा एक लांब बाक केला, पंचायतीत ठेवायला. गुरुवारी साडेसातला लोक अजूनही जमायचे. पाहुणा नव्हता, म्हणून पाळीपाळीनं कोणी तरी जुनी घरं आठवून सांगायचं, आणि ती संपत आल्यावर स्वतःच्या घरची एखादी गोष्ट. त्याही चांगल्या असायच्या.

माझी पाळी मात्र कधी लावली नाही. मी दाराशी खाली बसून ऐकायचो. एकदा पाठ दुखली म्हणून जरासा त्या बाकाला टेकलो. बाकावर दोघं मांडीला मांडी लावून बसलेले. जानरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. शेजारी वळून म्हणाले,

"शेषराव, त्या मास्तरले सांग, बाकाले टेकू नोका म्हणा."