पडेगावचे नरवडे काका

चार वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, आमच्या दैनिकाच्या वाचकपत्रांत दहा ओळींचं एक पत्र छापून आलं. खाली नाव होतं – विठ्ठल नरवडे, पडेगाव. त्या पत्राबद्दल मला जे माहीत आहे, ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, कचेरीत नाही. तुम्हाला सांगतो.

आधी 'दिमडी दरबार'बद्दल. आपल्याच शहरातला पाच जणांचा ताफा. दिमडी, संबळ, तुणतुणं आणि भीमराव शाहिरांचा आवाज. त्यांचा एकही कार्यक्रम मी चुकवत नसे. बातमीत विशेषण दिसलं की ओरडणारा मी, तिथं शिट्ट्या मारायचो. मग तुणतुणं वाजवणारे आजोबा थकले आणि त्यांच्या जागी नेहा आली – बेस गिटार घेऊन. चितेगावच्या कंपनीत नोकरी, रविवारी तालीम. मला धसकाच बसला. आज तुणतुणं गेलं, उद्या दिमडी गेली तर? माझं गाणं उरेल का? – माझं? ते माझं कधी होतं?

त्या सोमवारी सदराला एक पत्र कमी पडत होतं. अशा वेळी डेस्कवरच्या कोणीतरी खोटं नाव जुळवून पत्र लिहायचं, ही आमच्याकडची जुनी, न बोललेली पद्धत. विषय बहुतेक खड्डे, नाही तर पाणी. मी – होय, ते पत्र माझंच – पासष्टीच्या एका रसिकाच्या तोंडी लिहिलं, 'गिटारवाल्या मुलीनं आमचं गाणं बाटवलं.' बाटवलं! दुसऱ्याच्या बातमीत हा शब्द मी खोडला असता.

शाहिरांनी ते खरं मानलं. दोन दिवस ते पडेगावात दारोदार नरवड्यांना शोधत फिरले. मग कचेरीत आले. "साहेब, पत्ता द्या की. लई जीव लावणारा माणूस दिसतोय. नेमकं कुठं खुपलं, विचारतो."

आम्ही पत्ते ठेवत नाही, असं मी म्हणालो.

पुढचे दोन कार्यक्रम नेहाशिवाय झाले. तुणतुणंही नव्हतं, बेसही नव्हता. गाण्याच्या मधोमध पोकळी ऐकू येत होती. मी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या?

तिसऱ्या कार्यक्रमाला, उस्मानपुऱ्यात, ती परत आली. त्यात माझा हात नव्हता. संबळवाला अडून बसला होता – "पोरगी नाय, तर मीबी नाय." शाहिरांनी तोड काढली. पहिलं गाणं नरवडे काकांसाठी, बेसशिवाय. बाकी सगळी तिच्यासह. त्या संध्याकाळी दिमडी गेली नाही. खालून बेसचा जड सूर आला तशी ती उसळली, आणि मागच्या रांगांतल्या बायकाही खुर्च्या सरकवून नाचायला लागल्या. मीही.

तेव्हापासून तोच रिवाज आहे. पहिल्या रांगेत काकांसाठी एक खुर्ची असते, पाठीवर नावाची चिठ्ठी.

गेल्या रविवारी संध्याकाळी मैदान भरलं होतं. मी कडेला उभा होतो. तारा जुळवता जुळवता नेहानं मला पाहिलं. "सर, बसा की तिथं. काका रुसलेत, यायचे नाहीत."

"व्हय, बसा," शाहीर हसले. "जागा तरी गरम राहील."

चिठ्ठी काढून मी खिशात घातली आणि बसलो. दुसऱ्या गाण्याला बेस सुरू झाला. मी उठलो, नाचायला. कार्यक्रम संपेपर्यंत खुर्ची रिकामी होती.