चार काचा आणि आत्याची चंद्रकळा

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आईने शपथच घातली होती. पण फोटोमागचे किस्से पोटात साठत जातात आणि मैत्रिणी भेटल्या की बाहेर पडतात.

हैदराबादेत फोटोच्या दुकानात काम करणारे मामा आमच्याकडे शिरड शहापूरला आले होते. तिपाईवरचा कॅमेरा, लेन्सपुढे धरायचं भिंग आणि फोटो जिच्यावर उमटतो अशा चार काचा (एका काचेवर एकच फोटो) माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुला किड्यांचेच फोटो पाहिजेत ना? संक्रांतीपर्यंत एक जरी साफ आला, तर कॅमेरा तुझा!"

फोकस बघताना डोक्यावर काळं कापड लागतं. मामा ते विसरून आले होते. घरात काळं कापड एकच: माहेरी आलेल्या आत्याची संक्रांतीची कोरी चंद्रकळा. मी ती न विचारता उचलली; कळलं ते फक्त आईला.

पहिली काच मुंगळ्यावर गेली. तो थांबावा म्हणून गूळ ठेवला. काच बसवेपर्यंत मुंगळा पसार! मामा म्हणाले, "गुळाचा फोटो झकास आलाय!"

दुसरा नाकतोडा. लेन्सचं झाकण काढलं आणि पान रिकामं! मी बांधभर शोधलं. तो लेन्सवरच बसला होता. काच काळीकुट्ट.

तिसऱ्या वेळी मी तुरीत चंद्रकळा पांघरून वाकले होते. एवढ्यात पाठीत ढेकूळ बसलं! कॅमेरा हलला, काच गेली. शेळ्या चारणाऱ्या सखूबाई लांबूनच ओरडत होत्या, "पाच पायाचं काय हाय वं ते?"

तीन पाय तिपाईचे, दोन माझे! मी डोकं बाहेर काढलं तशा त्या मटकन खालीच बसल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग उन्हाचं काहून येऊन राहिली, पोरी? सकाळच्या गारठ्यात ये. किडे आखडलेले असतेत, हलत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवता उगवता गेले. जाळ्याच्या मधोमध कोळीण, अंगावर दव, जराही हालचाल नाही! फक्त वारा होता. एका बाजूने सखूबाईंनी घोंगडी धरली, दुसऱ्या बाजूला मी चंद्रकळेचा पदर तुरीला बांधला. शेवटची काच!

मामांनी फोटो तयार केला आणि हसले. "पाय न् पाय मोजता येतो! पण पोरी, उलटा धरलास. डोकं वर पाहिजे."

मी मोठ्यांपुढे तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "मामा, ती डोकं खाली करूनच बसते."

"पैज?"

"पैज!"

मामा बांधापर्यंत आले. कोळीण तिथेच होती, डोकं खाली. मामांनी वाकून, मान वाकडी करून बघितलं. मग घरी येऊन त्यांनी तिपाईवरचा कॅमेरा काढून माझ्या हातात ठेवला!

आज संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आत्या चंद्रकळा नेसून स्वतःच तो फोटो दाखवत होती. "आमच्या लेकरानं काढलाय!" मधेच कंबर खाजवत म्हणाली, "काय टोचून राहिलंय बाई?" आणि निऱ्यांतून एक कुसळ काढलं. मी आईकडे पाहिलं. आई तिळगूळ वाटायला पळाली.

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. "अगं, हे कोपऱ्यातले काठ..." मग स्वतःच्या पदराकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे. मी तिथून निघून इथे माळवदावर मैत्रिणींसाठी हे लिहायला बसले. आता खालून तिची हाक येते आहे, "खाली ये आधी! आणि येताना तो कॅमेरा आण! माझ्या चंद्रकळेचं काय केलंस ते सगळ्यांना दाखव!"